लॅबसाठी इमेजिंग सर्व्हर घेताय? माझे २,८९,७०० रुपये कसे गेले ते वाचा

२,८९,७०० रुपये. आकडा आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना "एवढं काय त्यात" असं कुणी म्हणणार नाही.

सांगलीत माझी टायपिंग आणि कॉम्प्युटरची इन्स्टिट्यूट आहे. चाळीस मशीन. ज्यांची स्वतःची लॅब आहे त्यांना माहीत आहे, बॅच संपली की काय अवस्था असते. कुणी मराठीचा कीबोर्ड लेआउट बदलून ठेवलेला, कुणी वॉलपेपरला स्वतःचा फोटो, कुणी पेन ड्राइव्हमधून काहीतरी सोडून गेलेला. जीसीसी-टीबीसीची, म्हणजे सरकारी कॉम्प्युटर टायपिंगची परीक्षा तोंडावर आली की एकेक मशीन फॉरमॅट करायला माणूस कुठून आणायचा? त्यात २०१९ च्या महापुरात आमची तळमजल्यावरची लॅब पाण्याखाली गेली होती. सगळा सेटअप एका जागी जपून ठेवता येतो असं कुणी म्हटलं की मी ऐकणारच. मला हा सर्व्हर विकणाऱ्या माणसाने हे बरोबर हेरलं.

मूळ कल्पना खोटी नाही. एक मशीन व्यवस्थित तयार करायचं, त्याची इमेज, म्हणजे विंडोजसकट सगळ्या डिस्कची हुबेहूब प्रत, सर्व्हरवर घ्यायची, बाकीची मशीन नेटवर्कवरून बूट करून तीच इमेज सगळ्यांवर उतरवायची. शाळा-कॉलेजांत हे रोज चालतं. खोटं होतं ते त्याचं कोटेशन.

सर्व्हर १,४८,०००. इमेजिंग सॉफ्टवेअरचं लायसन्स मशीनमागे १,२००, म्हणजे ४८,०००. चोवीस पोर्टचे दोन गिगाबिट स्विच ३५,०००. इन्स्टॉलेशन ९,०००. वर १८ टक्के जीएसटी ४३,२००. झाले २,८३,२००. दीड लाख ॲडव्हान्स दिला, उरलेले १,३३,२०० बसवून झाल्यावर. दोन्ही चेकने. उरलेले ६,५०० कुठे गेले ते पुढे येईल.

डेमोचं मात्र सविस्तर लिहिते, कारण रात्री जाग आली की मला तेच आठवतं.

त्याने ब्राउजर उघडला. वर त्याच्या फर्मचं नाव, लोगो, सगळं झकपक. "मॅडम, युजर-पासवर्ड लिहून घ्या." मी डायरीत लिहिलं. युजर फॉग, पासवर्ड 'पासवर्ड'. ते पान अजून आहे माझ्याकडे. मी विचारलंसुद्धा, "अहो, एवढा सोपा पासवर्ड? मी बदलून घेते." तर म्हणाला, "तेवढं करू नका मॅडम. लायसन्स त्याच्याशी लिंक आहे, बदललात तर सर्व्हर लॉक होईल." वर ॲड्रेसच्या पट्टीतही तेच 'फॉग' नाव होतं. त्याच्या फर्मच्या नावात ते कुठेच नाही. मशीन नेटवर्कवरून सुरू होताना काळ्या स्क्रीनवर भराभरा ओळी गेल्या, त्या मी वाचायला वाकले, तर हा पठ्ठ्या मॉनिटरसमोर येऊन उभा राहिला. "ते बायोसचं असतं मॅडम."

तिथेच थांबायला हवं होतं असं आता सगळे सांगतात. पण मला सांगा, टायपिंग शिकवणाऱ्या बाईने यातलं काय ओळखायचं? समोर मशीन नवंकोरं होताना दिसतंय. मिस्टर बँकेत आहेत, आयुष्यभर कागद तपासलेत, तेही शेजारीच उभे होते. त्यांनाही खटकलं नाही. घरात आता मला शहाणपण शिकवायला मात्र तेच पुढे.

लॅबमधली अठरा नवी मशीन इमेज घेईनातच. डेमो त्याने जुन्या मशीनवर दिला होता, हे नंतर लक्षात आलं. म्हणे नव्यांना 'ॲक्टिव्हेशन पॅच' लागतो, ६,५०० रुपये. दिले. केलं काय? सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी सॉफ्टवेअरने मशीन सुरू होऊ न देणारं कुलूप, बंद केलं आणि डीएचसीपीमध्ये (मशीनना आयपी पत्ता आणि बूट फाइल सांगणाऱ्या सेवेत) जुन्या बायोसच्या बूट फाइलऐवजी नव्या मशीनमधल्या युईएफआयची फाइल लावली. पॅच कसला नि काय. शिवाय त्याच्या सर्व्हरने राउटरबरोबर स्वतःही आयपी पत्ते वाटायला सुरुवात केली, तेव्हा अर्ध्या लॅबचं इंटरनेट गेलं. ते निस्तरलं आमच्या केबलवाल्या पोराने, आणि चहावर. तुमच्याकडे कुणी असा सर्व्हर बसवत असेल तर डीएचसीपी कोण देणार हे आधी कागदावर लिहून घ्या. एका नेटवर्कवर दोघे नकोत.

वर्ष होत आलं आणि मेसेज आला: रिन्यूअल ४८,०००, नाहीतर सॉफ्टवेअर बंद होईल.

गणपतीला माझा एक जुना विद्यार्थी पुण्याहून आला होता, तिकडे आयटीत आहे. त्याला डायरीतलं ते पान दाखवलं. तो आधी काही बोललाच नाही. मग म्हणाला, "मॅडम, हे फॉग नावाचं इमेजिंग सॉफ्टवेअर आहे. फुकट मिळतं. आणि युजर-पासवर्ड पण तोच आहे, इन्स्टॉल केल्यावर आपोआप येणारा." त्याच्या लॅपटॉपवर त्याने तेच सॉफ्टवेअर तासाभरात बसवून दाखवलं. तीच पानं, तोच मेन्यू, फक्त वरचा लोगो वेगळा. पासवर्ड बदलला. काही लॉक झालं नाही.

मग त्याने सर्व्हरचं झाकण उघडलं. प्रोसेसर झिऑन एक्स५६५०, म्हणजे इंटेलने २०१० साली बाजारात आणलेला. रॅम डीडीआर३. हार्ड डिस्क काढून तपासली तर ५१,००० तासांवर चाललेली, म्हणजे जवळजवळ सहा वर्षं अखंड. बाहेरून मात्र 'न्यू' असा स्टिकर आणि कंपनीचं सील. कोटेशनमध्ये लिहिलं होतं 'झिऑन, सहा कोर, ३२ जीबी'. पिढी नाही, मॉडेल नाही. मॉडेल नंबर न लिहिलेल्या कोटेशनवर सही करू नका. ज्या कंपन्यांच्या मशीनवर सर्व्हिस टॅग (मशीनचा स्वतःचा नंबर) असतो, त्यांच्या साइटवर तो टाकून वॉरंटी आधी बघा. डिस्कचे तास क्रिस्टल डिस्क इन्फो या सॉफ्टवेअरमध्ये दिसतात, तेही फुकट.

आणि सगळ्यात चीड येते ती याची की एवढ्या मोठ्या सर्व्हरची गरजच नव्हती. फॉगमध्ये इमेज उलगडायचं काम सर्व्हर करत नाही, ज्या मशीनवर इमेज उतरतेय तिचा प्रोसेसर करतो. सर्व्हरने डिस्कवरून वाचायचं आणि वायरवर ढकलायचं, बस्स. त्याला एक साधा डेस्कटॉप, एक एसएसडी आणि गिगाबिट लॅन पुरतं. पैसे घालायचे ते स्विचमध्ये. आणि स्विचमध्येच त्याने हात मारला. 'गिगाबिट' म्हणून दिलेल्या स्विचचे चोवीसही पोर्ट १०० एमबीपीएसचे. गिगाबिट फक्त बाजूचे दोन अपलिंक पोर्ट. खोक्यावर बारीक अक्षरात तसं छापलेलं असतं, आणि खोकी त्याने "रद्दीत टाकतो" म्हणून उचलून नेली होती! १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला फार तर साडेबारा एमबी, गिगाबिटला त्याच्या दहापट. विंडोजमध्ये नेटवर्कच्या स्टेटसमध्ये स्पीड लिहिलेला असतो, चेक लिहायच्या आधी तो बघा. केबलच्या आठही तारा जोडल्यात का तेही बघा, चारच तारा क्रिंप केल्या तर चांगला स्विचही १०० वरच अडकतो. सगळ्या लॅबवर एकदम, मल्टिकास्टने (एकाच वेळी सगळ्यांना एकच प्रवाह) इमेज सोडणार असाल तर आयजीएमपी स्नूपिंग, म्हणजे तो प्रवाह फक्त मागणाऱ्या पोर्टलाच देण्याची सोय, असलेला स्विच मागा.

अजून एक. त्याने बनवलेल्या मास्टर इमेजमध्ये विंडोज चोरून ॲक्टिव्हेट केलेलं होतं. विंडोजचा अँटिव्हायरस डिफेंडर 'ऑटोकेएमएस' (असं चोरून ॲक्टिव्हेट करणारं टूल) म्हणून बोंबलत होता, ते त्याने डिफेंडरच बंद करून मिटवलं होतं. माझ्या प्रत्येक मशीनचं विंडोज मी पैसे देऊन घेतलेलं. माझ्या स्वतःच्या लॅबमध्ये मीच चोर ठरले असते.

आता तक्रारीचं.

ठाण्यात गेले. हवालदार म्हणाले, "ताई, कॉम्प्युटर चालू होतोय न्हवं?" मी म्हटलं, होतोय. "मग फसवणूक कसली? हे दिवाणी मॅटर झालं." मी सांगितलं, हे सॉफ्टवेअर फुकटचं आहे. "पाणी पण फुकटच असतंय की. बाटली वीस रुपयाला इकत्यातच." आणि हसले. शेजारी पासपोर्टच्या चौकशीला आलेले दोघे, तेही हसले. साहेब बंदोबस्ताला. साहेब मीटिंगला. साहेब आले तेव्हा म्हणाले, सायबरकडे जा. सायबरवाल्यांनी विचारलं, "पैसे ऑनलाइन गेलेत का?" चेकने. "मग आमच्याकडे नाही." म्हणजे कॉम्प्युटरची फसवणूक सायबरमध्ये बसत नाही आणि फसवणूक ठाण्यात बसत नाही!

जीएसटीची वेगळीच तऱ्हा. त्याने पक्कं बिल दिलंच नव्हतं, माल पोचल्याचं डिलिव्हरी चलन देऊन "मार्चएंडला देतो" म्हणाला होता. कोटेशनवरचा नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकला तर तो कंपोझिशनमधला, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या सोप्या जीएसटी योजनेतला निघाला. कंपोझिशनवाल्याला गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेताच येत नाही. म्हणजे ४३,२०० सरळ खिशात. हा नंबर कुणालाही, लॉगिन न करता, मिनिटभरात तपासता येतो. आधी तपासा. मी हे घेऊन कर कार्यालयाच्या खिडकीवर गेले तर उत्तर मिळालं, "बिल आणा." अहो, बिल दिलं नाही हीच तर तक्रार! "बिलच नाही तर त्याने टॅक्स घेतला कशावरून?" कोटेशन दाखवलं. "हे कोटेशन आहे, बिल नाही." चेकच्या नोंदी दाखवल्या. "यात टॅक्स कुठं लिहिलाय?" पुढच्या काउंटरला जा. पुढच्या काउंटरवर जेवणाची सुट्टी.

ग्राहक आयोगाचं नाव काढलं तर जो तो सांगायला, "तुम्ही धंद्यासाठी घेतलंय, तुम्ही ग्राहक नाही." वकिलांनी कायदाच उघडून दाखवला. २०१९ च्या कायद्यात स्पष्ट आहे, स्वयंरोजगारातून केवळ स्वतःचं पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्या अर्थाने व्यापारी कारणासाठी धरत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फीही नाही, आणि तक्रार ई-जागृती या सरकारी पोर्टलवर घरबसल्या दाखल होते.

वकिलांनी अजून एक नीट समजावलं. मुक्त सॉफ्टवेअर पैसे घेऊन देणं किंवा ते बसवून द्यायची फी घेणं, यात गुन्हा नाही. त्या हवालदाराचं तेवढंच बरोबर. पण ते स्वतःचं म्हणून, मशीनमागे लायसन्स लावून, "नाहीतर बंद पडेल" अशी खोटी भीती घालून विकलं, आणि पंधरा वर्षांपूर्वीचा सर्व्हर नवा म्हणून दिला, ही फसवणूक. पूर्वीचं चारशेवीस, आता भारतीय न्याय संहितेचं ३१८(४). ठाण्यात नोंदवून घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(४) खाली लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवता येते. मी स्पीड पोस्टने पाठवली आहे. पोच जपून ठेवली आहे. डायरीचं पान, कोटेशन, चलन, रिन्यूअलचा मेसेज आणि डिस्कच्या तासांचा फोटो सोबत जोडलाय. तुम्ही पहिल्या दिवसापासून सगळं व्हॉट्सॲपवर लेखी घ्या, फोनवर ठरलेलं कुणी मानत नाही.

लॅब आता जुन्या ऑफिसच्या डेस्कटॉपवर चालते, त्यात एक टीबीची एसएसडी टाकली आणि स्विच खरे गिगाबिट घेतले. तो दीड लाखाचा सर्व्हर पुरावा म्हणून कपाटात कुलूप लावून ठेवलाय.

दुकानाचं नाव इथे लिहू नका असं वकिलांनी बजावलंय. पण परवा कळलं की त्याने मिरजेकडच्या एका कॉलेजला ऐंशी मशीनचं कोटेशन दिलंय. तिथे कुणी ओळखीचं असेल तर त्यांना एवढंच सांगा, पैसे द्यायच्या आधी सर्व्हरच्या प्रोसेसरचं मॉडेल लिहून मागा आणि लॉगिनला युजर फॉग आणि पासवर्ड 'पासवर्ड' टाकून बघा.