डब्ल्यूएलटॉईज व्ही९११एस: भांडुपच्या हॉलमध्ये आठ महिने उडवल्यावरचा रिव्ह्यू

आधीच सांगते, बॉक्स उघडला आणि लगेच लिहायला बसले असं नाहीये. हे रिमोटवरचं छोटं हेलिकॉप्टर दिवाळीच्या आधी घेतलं होतं, आता जून उजाडलाय, आणि आठवड्यातले चार दिवस तरी जेवणं आटपली की आमच्या वन बीएचकेच्या हॉलमध्ये हे उडतंच. उडवणारे दोघं, मी आणि बाबा. बाबा परळच्या रेल्वे वर्कशॉपमधून फिटर म्हणून रिटायर झालेत, हाताला अजून काम लागतं त्यांना, आणि खाली अपग्रेडचं जे काही लिहिलंय त्यातलं अर्ध्याहून जास्त त्यांचंच आहे.

आमच्याकडे आधी सिमा एस१०७जी होतं, क्रॉफर्ड मार्केटमधून भाच्यासाठी आणलेलं. पहिल्यांदाच रिमोट हातात घेणाऱ्याला मी आजही तेच सुचवेन, कारण त्यात एकावर एक दोन रोटर उलटसुलट दिशेला फिरतात, एकाचा पीळ दुसरा मारतो, वर फ्लायबार, म्हणजे तोल सांभाळणारी आडवी दांडी, त्यामुळे काही न करता सुद्धा ते बरंचसं आपलं आपण तरंगत राहतं. पण चॅनेल तीनच. वरखाली, वळणं, पुढेमागे, संपलं, आडवं सरकवता येत नाही. शिवाय रिमोट इन्फ्रारेड, म्हणजे टीव्हीच्या रिमोटसारखाच, आणि इन्फ्रारेड म्हटलं की उन्हात सिग्नल दबणारच, कुठल्याही कंपनीचं असो. आमची खिडकी पश्चिमेची, त्यामुळे चारनंतर पडदे ओढूनच बसायचं.

व्ही९११एस ही वेगळीच गोष्ट आहे. चार चॅनेल, २.४ गिगाहर्ट्झचा रिमोट, वर एकच रोटर आणि शेपटीला वेगळी छोटी मोटर. फ्लायबार नाही, ते काम सहा अ‍ॅक्सिसचा जायरो, म्हणजे कल ओळखून तोल सावरणारा सेन्सर, करतो. बॅटरी ३.७ व्होल्ट, २५० एमएएच. फिक्स्ड पिच आहे, म्हणजे दोन्ही पात्यांचा कोन एकदम वाढत-कमी होत नाही, वर जायचं तर मोटरच जोरात फिरवायची, त्यामुळे हवेत उलटं करणं वगैरे यात होत नाही. पण दारातून किचनमध्ये, फ्रिजला वळसा घालून परत हॉलमध्ये, हे सगळं होतं, आणि ते जमलं की जे वाटतं ना ते तीन चॅनेलमध्ये नाही मिळत.

पहिल्या दिवशी आम्ही घाबरलो कारण हवेत स्थिर असताना ते एका बाजूला किंचित कललेलं दिसत होतं. बाबांनी कागदावर बाण काढून समजावलं. अंग गरगर फिरू नये म्हणून शेपटीचा पंखा आडवा जोर लावतो, त्या जोराने अख्खं हेलिकॉप्टर बाजूला सरकणार, म्हणून तेवढंच उलट बाजूला कलून राहावं लागतं. खऱ्या हेलिकॉप्टरचंही असंच असतं. तेव्हा ते सरळ करायला ट्रिम, म्हणजे रिमोटवरची बारीक जुळवणीची बटणं, खेचत बसू नका.

छोट्या खोलीत शिकणाऱ्यांची एक चूक हमखास होते, मीही आठवडाभर तीच करत होते. पडलं तर मोडायला नको म्हणून जमिनीपासून वीतभर उंचीवरच ठेवायचं. तिथे सगळ्यात जास्त डगमगतं! पात्यांनी खाली ढकललेली हवा फरशीवर आपटून परत वर येते आणि हेलिकॉप्टर त्या उशीवर डुलत राहतं. धीर करून सरळ छातीच्या उंचीवर न्या, एकदम शांत होतं. भिंतीपासून दोन हात लांब, कारण कोपऱ्यात हवा गोल फिरून परत त्यालाच ढकलते. पंखा बंद, एसी असेल तर तोही बंद, मे महिन्यात घाम गाळत उडवलंय आम्ही. खाली चटई, चटईवर जुनी गोधडी. आणि आपटणार असं दिसलं की आधी थ्रॉटल, म्हणजे मोटरचा जोर, शून्यावर, वाचवायचा प्रयत्न नंतर, कारण पातं अडकलेलं असताना मोटर फिरत राहिली की गिअरचे दात जातात.

आता अपग्रेड. सांगायचं मुख्य तेच आहे, बाकी व्हिडिओ बघून कळतं.

डिसेंबरमध्ये मी हौसेने एका ऑनलाइन विक्रेत्याकडून रोटर हब (पाती जिथे बसतात तो मधला भाग) आणि स्वॉशप्लेट (रोटर कलवणारी त्याखालची चकती) यांचा अ‍ॅल्युमिनियमचा सेट मागवला, निळा चकचकीत, फोटोत काय दिसत होता. लावला आणि हेलिकॉप्टर उठेचना, म्हणजे उठायचं पण अर्ध्यापेक्षा बरंच जास्त थ्रॉटल दिल्यावर, आणि खाली आलं की मोटरला बोट लावून ठेवता येत नव्हतं. बाबा ते दोन्ही पार्ट, जुना आणि नवा, पाकिटात घालून नाक्यावरच्या सोनाराकडे गेले. त्याने आधी विचारलं काका हे काय आणलंत, मग काट्यावर दोन्ही शेजारी शेजारी मोजून दिले. अ‍ॅल्युमिनियमचा प्लास्टिकच्या दुपटीहून जास्त भरला. घरी येऊन बाबा म्हणाले, "अगं, हे मजबूत नाहीये, हे जड आहे." आणि पुढच्याच धडकेत ते खरं ठरलं, प्लास्टिकची लिंक, म्हणजे जोडणारी छोटी दांडी, धक्का बसला की निखळते आणि परत दाबून बसवता येते, धातूचा पार्ट दबला नाही आणि सगळा धक्का मधल्या शाफ्टने घेतला, शाफ्ट वाकला. सेट काढून ठेवलाय. एवढ्याशा मशीनवर चढवलेला प्रत्येक ग्रॅम मोटर आणि बॅटरीकडून वसूल होतो, हे डोक्यात ठेवूनच खर्च करा.

ज्यावर खरंच पैसे घालावेत ते म्हणजे जास्तीच्या बॅटऱ्या. मोठी नको, तेवढीच पण जास्त. मोठी लावून बघितली, वजनातच गेलं सगळं. तीन बॅटऱ्या ठेवा, आणि दोन उड्डाणांमध्ये दहा मिनिटं थांबा, कोअरलेस मोटरच्या फिरणाऱ्या भागात लोखंडाचा गाभा नसतो म्हणून ती हलकी असते पण तापतेही पटकन.

बॅटऱ्या मी लॅमिंग्टन रोडवरून घेतल्या, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, उतरलं की चालत पाच-सात मिनिटं. इथे एक गोष्ट नीट वाचा. एका दुकानात दिलेल्या बॅटरीचा कनेक्टर अगदी सेम होता, खटकन बसलाही असता, पण लाल आणि काळी वायर उलट! लावली असती तर सर्किट बोर्ड गेलाच. दुकानदाराचं म्हणणं सगळ्या अशाच येतात, बदलून द्यायला तयार नव्हता. घरी बाबांनी चष्मा कपाळावर चढवून, सुईच्या टोकाने कनेक्टरच्या पांढऱ्या प्लास्टिकची बारीकशी जीभ उचलली, लाल वायरची पिन मागे ओढून काढली, लगेच तिच्यावर सेलोटेपचा तुकडा गुंडाळला, मगच काळी काढली, आणि जागा बदलून परत आत सरकवल्या, टक असा आवाज येईपर्यंत. दोन्ही उघडी टोकं एकमेकांना लागू द्यायची नाहीत, लायपो, म्हणजे ही लिथियम पॉलिमर बॅटरी, शॉर्ट झाली तर आग लागू शकते. फुल चार्ज ४.२ व्होल्टला होते, आठवडाभर उडवणार नसाल तर ३.८ च्या आसपास ठेवा, आणि फुगलेली बॅटरी परत चार्जिंगला लावू नका, कितीही जीवावर आलं तरी.

पात्यांचं छोटंसं. थरथर जाणवली तर आधी पात्याचं मूळ बघा, तिथे पांढरी रेघ उमटली असेल तर ते पातं टाकून द्या. रेघ नसेल तर हलक्या पात्याच्या टोकाला सेलोटेपचा नखाएवढा तुकडा लावून बघा, आमच्याकडे फरक डोळ्यांना दिसला. आणि पात्याचे स्क्रू आवळून टाकू नका, आडवं धरलं की पातं स्वतःच्या वजनाने हळूच झुकलं पाहिजे.

मार्चमध्ये शेपटीची मोटर बसली. कारण आमचंच, चटईवरचे माझे लांब केस शाफ्टभोवती गुंडाळले गेले होते, चिमट्याने काढले तेव्हा छोटीशी गुंडीच निघाली. नवी मोटर आणली पण शेपटीच्या नळीतून येणाऱ्या तारा केसाएवढ्या बारीक आणि त्यांच्यावर लाखेसारखा थर, तो खरवडल्याशिवाय सोल्डर धरत नाही. बाबांचा सोल्डरिंग आयर्न त्यासाठी फारच मोठा पडला. लॅमिंग्टन रोडवरच्या एका गल्लीत टेबल टाकून बसलेल्या मोबाइल रिपेअरवाल्या दादांनी मायक्रोस्कोपखाली दहा मिनिटांत करून दिलं आणि वर सांगितलं की उडवायच्या आधी चटई झाडत जा. तेव्हापासून झाडतो.

किंमत मला दोन जादा बॅटऱ्यांसकट साडेचार हजारांच्या आसपास पडली, त्या मानाने पूर्ण वसूल. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला थेट हे देऊ नका, आधी डबल रोटरवालं द्या. गच्चीवर किंवा मैदानात न्यायचा विचारही नको, एक तर एवढं हलकं मशीन वाऱ्यात टिकत नाही आणि दुसरं म्हणजे मुंबई पोलिसांचे ड्रोन, पॅराग्लायडर, रिमोटवाली छोटी विमानं यांच्यावर बंदीचे आदेश वरचेवर निघत असतात. घरातच उडवा, त्यासाठीच बनलंय.

पुढचं म्हणून एक्सके के११० वर डोळा आहे, सहा चॅनेल, ब्रशलेस मेन मोटर, पात्यांचा कोन बदलतो म्हणून उलटंही उडतं. पण बाबांनी अट घातलीय, नाक आपल्याकडे ठेवून, म्हणजे जेव्हा डावं-उजवं सगळं उलटं होतं तेव्हा, अख्खी एक बॅटरी न पाडता संपवायची. त्यांनी स्वतः परवा संपवली. हळूहळू खाली आणून गोधडीच्या मधोमध टेकवलं, पाती थांबेपर्यंत कोणी बोललं नाही, मग आतून आई म्हणाली, "झालं असेल तर पंखा लावा आता."