एसेक्शुअलिटी समजून घ्यायचीय: वेबसाइट, पुस्तक, समुपदेशक की डॉक्टर?

मराठीत ‘अलैंगिक’ टाकून शोधलंत तर आधी अमिबा, हायड्रा आणि यीस्ट भेटतील, कारण शाळेच्या विज्ञानात हा शब्द प्रजननासाठी आहे. माणसांबद्दल वाचायचं तर ‘एसेक्शुअल’ टाका. अर्थ इतकाच: कोणाबद्दलही लैंगिक आकर्षण न वाटणं, किंवा क्वचितच वाटणं. ब्रह्मचर्य हा निर्णय असतो. हे तसं नाही.

नुसता शब्दच तपासायचा असेल तर एव्हेन या एसेक्शुअल लोकांच्या ऑनलाइन मंचाची वेबसाइट पुरे. अमेरिकेतल्या डेव्हिड जे यांनी 2001 मध्ये सुरू केली, फुकट आहे. इंग्रजी जड जात असेल तर ब्राउझरचं भाषांतर चालतं, पण ‘आकर्षण’ (कोणा व्यक्तीबद्दलची ओढ) आणि ‘इच्छा’ (एकूणच लैंगिक इच्छा) यांची सरमिसळ वाटली की मूळ वाक्य बघा; सगळा फरक तिथेच आहे. मात्र ‘लगीन कव्हय करस?’ (लग्न कधी करतोस?) ला काय उत्तर द्यायचं, ते तिथे मिळणार नाही. त्यासाठी डॉ. प्रगती सिंग यांची ‘इंडियन एसेस’ ही भारतातल्या एसेक्शुअल लोकांसाठीची संस्था जवळची (‘एस’ हे एसेक्शुअलचं लघुरूप).

पुस्तकांत जूली सोंड्रा डेकर यांचं ‘द इनव्हिजिबल ओरिएंटेशन’ (2014) प्राथमिक आहे, आणि घरच्यांसाठीही त्यात मजकूर आहे. अँजेला चेन यांचं ‘एस’ (2020) विचाराला जास्त खाद्य देतं, पण पहिलं म्हणून नको. दोन्ही इंग्रजी. भुसावळ किंवा शिरपूरला पार्सल कोण उघडेल याची धास्ती असेल तर ई-बुक घ्या. आणि घरच्या टीव्हीवर तुमचंच यूट्यूब खातं चालू असेल, तर फोनवर पाहिलेलं तिथेही दिसतं.

मराठीत बोलायचं असेल तर टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, 14416: चोवीस तास, मोफत. समोरच्याला हा शब्द माहीत असेलच असं नाही; तेव्हा ‘मला आकर्षण वाटत नाही, त्याचा त्रास नाही, त्रास लग्नाच्या दबावाचा आहे’ असं थेट सांगा. खाजगी समुपदेशकाची वेळ घेण्याआधी फोनवरच विचारा: एसेक्शुअलिटीला तुम्ही आजार मानता का? ‘लग्नानंतर सगळं ठीक होतं’ असं उत्तर आलं तर जळगावपर्यंतचं एसटीचं भाडं वाचवा.

डॉक्टरांकडे कधी जायचं, यात सर्वात जास्त गोंधळ होतो. आधी इच्छा होती आणि अलीकडे गेली, तर जरूर जा: थायरॉइड, प्रोलॅक्टिन (एक हार्मोन), मधुमेह तपासून घ्या, नैराश्यावरची गोळी चालू असेल तर सांगा, कारण काही गोळ्यांनी इच्छा कमी होते, पण गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. पहिल्यापासून असंच आहे आणि तब्येत उत्तम आहे, तर केवळ यासाठी हार्मोनच्या तपासण्यांवर पैसे घालवायची गरज नाही. 2013 च्या डीएसएम-5 मध्येही (मानसिक विकारांच्या निदानाची अमेरिकन पुस्तिका) व्यक्ती स्वतःला एसेक्शुअल म्हणत असेल तर कमी इच्छेला विकार ठरवू नये, असं स्पष्ट आहे. डॉक्टरांना हेच दाखवा. एसटी स्टँडच्या भिंतीवरच्या ‘गुप्तरोग’वाल्या पाट्या या यादीत धरलेल्याच नाहीत.

लग्न ठरत आलंय, हातात आठवडाच आहे? मग पुस्तकं बाजूला ठेवा आणि 14416 लावा.