मेनुहिनच्या सहा तबकड्या आणि सात मिनिटांचा व्हिडिओ

आर्वी तालुक्यातल्या एका गावात गेल्या उन्हाळ्यात एका गुरुजींचे 14,000 रुपये गेले. आमिष होतं येहुदी मेनुहिन या नामवंत व्हायोलिनवादकाच्या जुन्या ग्रामोफोन तबकड्यांचं. जुलै 1932 मध्ये, सोळा वर्षांच्या मेनुहिनने लंडनला इंग्रज संगीतकार एल्गारचा व्हायोलिन कॉन्चर्टो, म्हणजे व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, वाजवला. वाद्यवृंद स्वतः एल्गार चालवत होता. एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीने तो 12 इंची सहा तबकड्यांत काढला. "अचलपूरच्या वाड्यातला अख्खा संच आहे गुरुजी," असं सांगत विकणाऱ्याने व्हिडिओ पाठवला. तबकडी फिरतेय, सूर स्वच्छ. पैसे लगेच फोनवरून गेले.

लबाडी त्या व्हिडिओतच दिसत होती. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या 12 इंची तबकडीची एक बाजू चार-साडेचार मिनिटांत, फार तर पाचात संपते. हा व्हिडिओ सात मिनिटांचा, मध्ये सुई कोणी उचलली नाही, खरखरही नाही. साफ केलेली डिजिटल प्रत मागे लावून तबकडी नुसती फिरवली होती. म्हणून घेण्याआधी तबकडी व्हिडिओ कॉलवरच ऐका, आणि वाजत असताना तबकडीचं यंत्र बंद करायला लावा. आवाज खरंच तबकडीतून येत असेल तर सूर ओघळत खाली येतो.

पार्सलमध्ये एल्गारच्या चारच निघाल्या. उरलेल्या दोन भलत्याच, वर रंगीत झेरॉक्सचं लेबल डकवलेलं. खरं लेबल तबकडी दाबतानाच तिच्यात बसतं, नखाला कड लागत नाही. लेबलाजवळच्या गुळगुळीत भागात मॅट्रिक्स नंबर, म्हणजे त्या बाजूच्या ध्वनिमुद्रणाचा क्रमांक, कोरलेला असतो. एकाच ध्वनिमुद्रणाच्या बाजूंचे नंबर बहुधा जवळजवळ असतात. या दोन तबकड्यांचे कुठल्या कुठे होते. मात्र पहिल्या बाजूच्या मागे शेवटची बाजू आली तर घाबरू नका. तबकड्या आपोआप बदलणाऱ्या यंत्रांसाठी तसे संच मुद्दाम निघत.

चार खऱ्यांपैकी एकीची चीर बूट पॉलिशने बुजवली होती. अशी चीर फोटोत दिसत नाही. तबकडी उजेडात तिरपी धरा, मग मधल्या भोकात बोट घालून हलकेच टिचकी मारा. मडकं घेताना वाजवतो तसंच: धड असेल तर टणकन वाजते, फुटकी बद्द. वाजवताना चीर प्रत्येक फेरीला एक 'टक' देते. आणि खाचा करड्या पडल्या असतील तर पोलादी सुईने त्या खाल्ल्यात. व्हायोलिनच्या वरच्या पट्टीतले सूर तिथे फाटतात. संच अख्खा असला तरी अशा मालाला मोठी किंमत देऊ नका.

पार्सल उघडतानाचा व्हिडिओ ठेवा. फसवणूक कळताच 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येतात. गुरुजींनी आठवडाभर विकणाऱ्याच्या फोनची वाट पाहिली, तिथेच वेळ गेला.

हाती राहिलेल्या चांगल्या तबकड्या स्पिरिटने पुसू नका. त्या लाखेच्या असतात, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. मऊ कोरड्या कापडाने खाचांच्या दिशेने पुसा, आणि मे महिन्यात टिनाच्या खोलीतून काढून आतल्या थंड खोलीत उभ्या ठेवा.