जुन्या लुगड्यांची वाकळ : सांगलीच्या प्रदर्शनातील एका गाळ्याविषयी

दिवाळीच्या आधी सांगलीत विश्रामबाग परिसरातील एका मंगल कार्यालयात हस्तकलेच्या वस्तूंचे तीन दिवसांचे प्रदर्शन भरले होते. पणत्या, उटणे, आकाशकंदील आणि फराळ यांच्या रांगा संपल्यावर अगदी शेवटी, जिन्याखालच्या अडचणीच्या जागेत, तासगाव तालुक्यातील एका महिला बचत गटाचा गाळा होता. जुनी लुगडी, हळदीच्या रिकाम्या गोण्या, रद्दी आणि गेल्या हंगामातील लग्नपत्रिका यांपासून केलेल्या वस्तू तेथे मांडल्या होत्या. मी तेथून तीन वस्तू विकत घेतल्या, एक वाकळ शिवायला सांगितली आणि या सगळ्या वस्तू पुरेशा वापरून झाल्यावर आज लिहायला बसले आहे.

पुण्याकडे जिला गोधडी म्हणतात, ती आमच्याकडे वाकळ. आमच्या घरातील आईच्या हातची शेवटची वाकळ २०१९ च्या महापुरात गेली. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती आणि पाणी ओसरल्यावर गावभागातील रस्त्यांवर भिजलेल्या अंथरुणा-पांघरुणांचे जे ढीग लागले होते, त्यांत आमचीही वाकळ होती. गाळाने जड झालेली वाकळ धुऊन पुन्हा वापरात आणणे शक्य नव्हते. तेव्हापासून मी प्रत्येक प्रदर्शनात वाकळी हाताळून पाहते. बहुतेक ठिकाणी वर नवे छापील कापड, आत कृत्रिम कापूस आणि मशिनची शिलाई असते, आणि तिलाच पारंपरिक म्हणून विकले जाते. त्यामुळे हा गाळा पाहून मी तेथेच थांबले.

गाळ्यावर बसलेल्या मावशींनी वाकळीची घडी उलगडून कड माझ्या हातात दिली. एका कडेपासून सुरू झालेला धावदोरा चारही बाजूंनी फिरत मध्यापर्यंत गेला होता, दोन ओळींमधील अंतर जेमतेम बोटभर होते आणि कोठेही टाका लांबलेला नव्हता. उलट बाजूलाही तेवढीच सफाई होती. मागच्या बाजूला गाठ शोधूनही सापडली नाही. मी कापडाविषयी विचारले, तेव्हा त्यांनी एक इरकल लुगडे उजेडासमोर धरून दाखवले. "हितं बघा ताई, हितं विरलंय. विरल्यालं कापड आम्ही वर लावत न्हाई, आतल्या थरात घालतो. वर घट्ट पोताचंच लागतं." जुन्या कापडातून वस्तू करण्याचे खरे कसब शिवणाच्याही आधी, या निवडीत असते. जे कापड कोठे विरले आहे हे न पाहता कापले जाते, त्याची पिशवी दोन महिन्यांत फाटते आणि मग जुन्या कापडाच्या वस्तू टिकत नाहीत, असा बोभाटा होतो. वास्तविक पन्नास वेळा धुतलेल्या सुती लुगड्याचा रंग आणखी जात नाही, ते आटत नाही आणि अंगाला जितके मऊ लागते तितके कोणतेही नवे कापड लागत नाही.

या वाकळीची किंमत २,२०० रुपये होती. मी उभी असतानाच एका गिऱ्हाईकाने "जुन्या साड्यांचीच तर आहे" असे म्हणून ती बाराशेला मागितली, तेव्हा मला फार वाईट वाटले. एक वाकळ शिवायला दोघीजणींना रोज दुपारचे तीन तास धरून सोळा दिवस लागतात, असे मावशींनी सांगितले. हिशेब अवघड नाही : ते ९६ तास होतात आणि दोरा, सुया, धुलाई, एसटीचे भाडे यांतले काहीही वजा न करतासुद्धा तासाला तेवीस रुपये पुरते पडत नाहीत. लुगडी फुकट मिळाली असे मानले, तरी ती गोळा करणे, गरम पाण्यात धुणे, उन्हात वाळवणे, काठ उसवून वेगळे करणे हे सगळे या सोळा दिवसांच्या आधीचे काम आहे. माझ्या मते ही किंमत कमी आहे आणि गटाने ती वाढवावी, असे मी त्यांना तेथेच सांगितले.

दुसरी वस्तू हळदीच्या गोणीची बाजाराची पिशवी, किंमत १८० रुपये. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि येथील हळदीचा बाजार देशभर प्रसिद्ध आहे, परंतु रिकाम्या गोणीचे पुढे काय होते याचा विचार मी कधी केला नव्हता. या पिशवीला आतून जुन्या सुती लुगड्याचे अस्तर आहे आणि बंद दुहेरी कापडाचे असून थेट तळाखालून फिरवून आणले आहेत, म्हणजे वजन शिलाईवर न पडता तळावर पडते. पाच किलो ज्वारी आणि वर भाजी घालून मी ती दर आठवड्याला मंडईतून आणते. बंद तसूभरही सुटलेले नाहीत. पहिले दोन महिने पिशवीला हळदीचा मंद वास होता, तो मला आवडला. गोणपाटाचे तूस मात्र कपड्यांना लागते. बाहेरची बाजू जाड खळ लावून, वाळवून मग शिवली, तर हा त्रास निश्चित कमी होईल.

कागदाच्या वस्तूंबद्दल मला इतके चांगले लिहिता येत नाही. लग्नपत्रिकांच्या जाड कागदाची आहेराची पाकिटे सुबक होती. गणपतीचे चित्र कापले जाणार नाही अशी काळजी घेऊन त्यांची घडी घातली होती. रद्दीच्या लगद्याची परडी मात्र पावसाळी हवेत आठ दिवसांत तळाशी मऊ पडली आणि एका बाजूला कलली. आपल्याकडे पूर्वी घरोघरी लगद्याच्या टोपल्या होत असत, तेव्हा लगद्यात मेथीचे पीठ घालत. त्याने लगदा चिकट होतो आणि कडवटपणामुळे कीडही लागत नाही. या परडीत बाजारातला गोंद वापरला होता आणि तीवर रोगणाचा हातही नव्हता. शिवाय गाळ्यावर या परड्यांमध्ये चकल्या मांडून ठेवल्या होत्या, हे मला अजिबात पटले नाही. वर्तमानपत्राच्या शाईत आरोग्याला घातक घटक असतात आणि अन्नपदार्थ छापील कागदात बांधू किंवा ठेवू नयेत, असे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने वारंवार बजावले आहे. परडी किल्ल्या, दोरे, बटणे ठेवण्यासाठी विकावी आणि तसे चिठ्ठीवर स्पष्ट लिहावे.

आणखी एक गोष्ट खटकली, ती वेष्टनाची. इतक्या कष्टाने जुने कापड वापरात आणायचे आणि गिऱ्हाईकाच्या हाती मात्र पातळ प्लास्टिकच्या पिशवीतून द्यायचे, हे या कामाला शोभत नाही. महाराष्ट्रात अशा पिशव्यांवर २०१८ पासून बंदीही आहे. लुगड्याची एक पट्टी गुंडाळून बांधली असती, तरी पुरे झाले असते.

आता मी शिवायला दिलेल्या वाकळीविषयी. आपण स्वतःची लुगडी दिली, तर शिलाईचे १,५०० रुपये घेतात, अर्धे आधी आणि अर्धे काम झाल्यावर. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत पुरातून वाचलेली आईची चार नऊवारी लुगडी होती, ती मी धुऊन, इस्त्री न करता दिली. महिन्याची मुदत ठरली होती, प्रत्यक्षात दीड महिना लागला. परंतु उशीर होणार हे मुदतीच्या आधीच फोन करून सांगितले गेले आणि कारणही प्रामाणिक होते : द्राक्षबागांत विरळणीचे काम निघाले होते आणि गटातील बहुतेक जणी रोजगाराला जात होत्या. बागेची मजुरी हातची सोडून वाकळ शिवा, असे मी कोणत्या तोंडाने म्हणणार? ज्यांना लग्नकार्यासाठी किंवा बारशासाठी वाकळ हवी आहे, त्यांनी द्राक्षबागांचा हा हंगाम लक्षात घेऊन आधीच सांगून ठेवावे.

डिसेंबरच्या मध्यावर वाकळ घरी आली. लुगड्यांचे काठ उसवून त्यांचीच चौकट केली आहे आणि हिरवा काठ उशाकडे येईल असे जुळवले आहे, जेणेकरून पायाकडची बाजू तोंडावर येऊ नये. हे मी सांगितले नव्हते, त्यांनी आपणहून केले. एका कोपऱ्यात आईने कधी काळी रफू केलेली जागा आहे. ती झाकून न टाकता तिच्या भोवतीने टाका वळवला आहे. सबंध थंडी ही वाकळ मी पांघरली, एकदा धुतली, दोन दिवस उन्हात वाळवली आणि एकही टाका उसवला नाही. उरलेल्या तुकड्यांची एक छोटी चुंबळ आणि भांडी उतरवायची दोन फडकी त्यांनी घडीत ठेवून परत पाठवली होती, त्यांचे वेगळे पैसे घेतले नाहीत. माझ्या बहिणीने आता तिच्या सासूबाईंची तीन लुगडी काढून ठेवली आहेत, ती या आठवड्यात तासगावला पोहोचवायची आहेत.