जपानी र्‍योबा करवत: छोट्या लाकडी भेटवस्तूंसाठी घ्यावी का?

मोबाइल-स्टँड, कोस्टर, किल्ल्या अडकवायची फळी असल्या वस्तू घरी करून मित्रमैत्रिणींना द्यायच्या असतील, तर जास्तीचे पैसे एकाच हत्यारावर घाला: करवतीवर. बरेच जण आधी इलेक्ट्रिक सँडर घेतात. पण इतकं घासावं लागतं ते काप खडबडीत आल्यामुळे. कापच नितळ आला तर पॉलिश पेपरचं निम्मं काम वाचतं.

र्‍योबाला दोन्ही कडांना दाते असतात. एका बाजूचे बारीक दाते लाकडाच्या शिरा आडव्या कापायला, दुसऱ्या बाजूचे मोठे दाते शिरांच्या दिशेने उभं चिरायला. ही करवत ओढताना कापते. ओढताना पातं ताणलं जातं, वाकत नाही, म्हणून ते खूप पातळ ठेवता येतं. २४० मिमी पात्याचा काप साधारण एक मिलिमीटर रुंदीचा पडतो. ढकलून चालवायच्या नेहमीच्या करवतीचा काप याहून बराच रुंद आणि ओबडधोबड असतो. छोट्या कामाला २४० मिमीचीच घ्या आणि पातं बदलता येतं ना, हे बघून घ्या.

हिची खरी परीक्षा मोबाइल-स्टँडच्या खाचेत होते. १०० मिमी लांब, ८० मिमी रुंद, ३० मिमी जाड ठोकळा घ्या. शिरा लांबीच्या दिशेने, म्हणजे पुढून मागे जायला हव्यात. पुढच्या कडेपासून ३५ मिमीवर आडवी खाच आखा. रुंदी १२ मिमी (कव्हरसकट फोन मोजून ठरवा), खोली १२ मिमी. खाच याहून खोल गेली तर स्क्रीनचा खालचा भाग झाकला जातो आणि बोट फिरवायला जागा उरत नाही. फोन मागे रेलायला हवा म्हणून खाच सुमारे २० अंश तिरकी. ती मागच्या कडेजवळ घेतली तर फोनचा भार पायाच्या बाहेर जातो आणि सगळा स्टँड मागे कलंडतो.

रेषा पेन्सिलीवर सोडू नका, कटरने दोन-तीनदा खोल ओढा. वरचे तंतू आधीच तुटले की कडेच्या चिरफळ्या निघत नाहीत. मग २० अंशात कापलेला एक तुकडा रेषेला लावून क्लॅम्पने आवळा आणि पातं त्याला टेकवून चालवा. सुरुवात मुठीजवळच्या दात्यांनी, बारीक दात्यांच्या बाजूने. दोन-चार वेळा हलकंच ओढलं की खोबण पडते, पुढे पूर्ण लांबी वापरा. दाबायचं मुळीच नाही. दोन्ही काप झाले की मधलं लाकूड १० मिमीच्या पटाशीने काढा. तंतू दोन्हीकडून तुटलेले असल्यामुळे ते पापुद्र्यांसारखं सुटतं. अर्धं एका बाजूने, अर्धं दुसऱ्या बाजूने काढा. पटाशी आरपार ढकलली की पलीकडची कड हमखास फुटते.

आता दोष. ढकलून कापायची सवय असलेला माणूस परतीच्या वेळी जोर लावतो, आणि तिथेच पातं दुमडतं किंवा दाते तुटतात. गाठीवर गेलात तरी तेच. बहुतेक बदलत्या पात्यांचे दाते इतके कडक केलेले असतात की तीनकोनी कानस त्यांना लागतच नाही. धार गेली की पातं बदला, दुसरा इलाज नाही. आपल्या साध्या करवतीला सुतार दहा मिनिटांत धार लावून देतो, ती सोय इथे नाही. गोलाई कापता येत नाही. मासा, पान असले आकार हवे असतील तर कोपिंग सॉ वेगळी लागेलच. आणि वरच्या कडेलाही दाते आहेत, हे कापताना डोक्यात ठेवा.

लाकूड शिवणीचं असेल तर ही करवत लोण्यासारखी चालते. सागावरही काप सुरेख येतो, फक्त सागात सिलिका असल्याने धार लवकर उतरते. बाभळीच्या वाटेला जाऊ नका. पॅकिंगच्या पॅलेटचं लाकूड वापरणार असाल तर शिक्का बघा: ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेलं, ते चालेल. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते घरात आणू नका.

नितळ कापावर १८० आणि मग २२० नंबरचा पॉलिश पेपर पुरतो, तोही शिरांच्याच दिशेने. खाचेत पेपर पट्टीला गुंडाळून फिरवा. वरून जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या आणि पंधरा मिनिटांनी जास्तीचं पुसून घ्या, नाहीतर ते कित्येक दिवस चिकट राहतं. पुसलेलं फडकं चुरगाळून कचऱ्यात टाकू नका. हे तेल सुकताना तापतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ते उघड्यावर पसरून वाळवा.

कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात प्रत्येक वापरानंतर भुसा झटकून पात्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा. एवढ्या पातळ पोलादावर गंज चढला की ओढताना पातं अडकायला लागतं.