रत्नागिरी की मालवण? चार दिवस हाताशी असतील तर

कोकणात जायचं ठरलं की घरात दोन पक्ष पडतात, एक रत्नागिरीचा आणि एक मालवणचा. गणपतीपुळ्याला नमस्कार किंवा तारकर्लीला डुबकी एवढंच करायचं असेल तर वाद घालण्यात अर्थ नाही, सोय दोन्हीकडे आहे. पण बंदर इथेच का, किल्ला कुणी आणि कशासाठी बांधला, नदी समुद्राजवळ येऊन अशी का वळली, असले प्रश्न पडणारं कुणी सोबत असेल, तर जरा विचार करून निवडा. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत ही दोन्ही गावं एकाच जिल्ह्यात होती. तरी मालवणचा इतिहास बघायला होडीत बसावं लागतं आणि रत्नागिरीचा बघायला रिक्षात.

मालवणचं नाव निघालं की सिंधुदुर्ग आलाच. कुरटे बेटावरच्या शिवाजी महाराजांच्या या किल्ल्याची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ ची. त्याच वर्षाच्या सुरुवातीला सुरत लुटलेली, जंजिऱ्याचा सिद्दी दाद देत नव्हता, गोव्यात पोर्तुगीज बसलेले. समुद्रावर स्वतःचं ठाणं असल्याशिवाय भागणार नव्हतं. पायाभरणीची पूजा झाली तो मोरयाचा धोंडा आजही मालवणच्या किनाऱ्यावर आहे. बहुतेक लोक थेट जेट्टीवर जातात आणि तो बघायचा राहतो.

जागेची निवड होडीतून जाताना कळते. किल्ल्याभोवती पाण्याखाली खडकांची रांगच्या रांग आहे. तांडेल सरळ किल्ल्याकडे जात नाही, ठरलेल्या वाटेनेच होडी नेतो. मोठं गलबत अंदाजाने घुसलं तर तळ फुटणार. अगदी तटाजवळ पोचलं तरी दरवाजा दिसत नाही, नुसती काळी भिंत दिसते. दोन बुरुजांच्या मधल्या वळणात शिरलं की मग कमान समोर येते. तिथल्या छोट्या घुमट्यांत चुन्यातले हाताचे आणि पायाचे ठसे आहेत, ते महाराजांचे मानतात. आत राजाराम महाराजांच्या काळातलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरी आहेत आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना त्यांचं पाणी गोड आहे. तट सुमारे तीन किलोमीटर, आतली जागा ४८ एकरांच्या आसपास. तासाभरात होडीवाला परत बोलावतो, तेव्हा जास्त वेळ हवा असेल तर चढण्याआधीच ठरवून घ्या.

२०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यात सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग दोन्ही आहेत. रत्नागिरी शहरातला रत्नदुर्ग नाही. निव्वळ किल्ल्यांसाठी जाणार असाल तर निवड इथेच झाली.

मालवणचा भूगोलही बघण्यासारखा आहे. कर्ली नदी समुद्राशी आली तरी लगेच मिळत नाही, बराच वेळ किनाऱ्याला समांतर वाहते आणि मध्ये वाळूची लांब पट्टी सोडते. देवबाग त्या पट्टीवर आहे. घराच्या पुढच्या अंगाला समुद्र, मागच्या अंगाला नदी. पट्टी इतकी चिंचोळी की लाटांनी दरवर्षी किनारा खाल्ला की गावाच्या पोटात गोळा येतो. मालवणच्या समुद्राला १९८७ साली सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला, तो याच बुडालेल्या खडकांमुळे आणि प्रवाळांमुळे. सतराव्या शतकात ज्यांनी शत्रूची जहाजं अडवली, त्याच खडकांवर आज स्कूबावाल्यांचं पोट चालतं.

आता रत्नागिरी. पहिल्या भेटीत हे शहर फारसं छाप पाडत नाही, हे मान्य करू. जिल्ह्याचं ठिकाण म्हटल्यावर असणारच तशी कचेऱ्यांची, एसटी स्टँडची गर्दी. पण ब्रिटिशांनी दक्षिण कोकणचा कारभार बाणकोटहून इथे आणला आणि पुढे सरकारला नको असलेली माणसंही इथेच आणून ठेवली. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा याला १८८५ च्या युद्धानंतर पदच्युत करून १८८६ मध्ये रत्नागिरीत आणलं. त्याच्यासाठी बांधलेल्या राजवाड्यात तो १९१० मध्ये राहायला गेला आणि १९१६ मध्ये वारला. वाड्याच्या अर्धवर्तुळाकार खिडक्यांचं लाकूडकाम सावकाश बघा, मग जवळच्या थिबा पॉइंटवर जा. खाली काजळी नदीची खाडी, भाट्याचा पूल, पलीकडे खुला समुद्र. मायदेशी जायचा रस्ता रोज डोळ्यांसमोर आणि जाता मात्र येत नाही. तिकडे शेवटचा मुघल बादशहा बहादूरशहा जफर रंगूनला नेऊन ठेवलेला, तो तिथेच १८६२ मध्ये गेला. राजे अदलाबदल करून ठेवायची इंग्रजांची ही रीत या एका टेकडीवर जितकी समजते तितकी पुस्तकात समजत नाही. थिबाची थोरली मुलगी रत्नागिरीतच राहिली आणि तिचा वंश इथल्या मराठी घरांत मिसळून गेला.

लोकमान्य टिळकांचं जन्मघर टिळक आळीत आहे. सावरकर १९२४ ते १९३७ इथे स्थानबद्ध होते. त्यांच्या पुढाकाराने आणि भागोजीशेठ कीरांच्या पैशाने १९३१ मध्ये सर्व जातींना खुलं असलेलं पतितपावन मंदिर उभं राहिलं. हे सगळं एका दिवसात, पायी आणि रिक्षाने होतं. रत्नदुर्ग संध्याकाळी ठेवा. घोड्याच्या नालाच्या आकाराचा हा डोंगर समुद्रात घुसला आहे, एका अंगाला मांडवीची काळी वाळू, दुसऱ्या अंगाला पांढरा समुद्र नावाचा किनारा. पांढऱ्या समुद्राची वाळू आता लाटांनी पुष्कळ नेली आहे.

माझं मत रत्नागिरीकडे झुकतं ते कातळशिल्पांमुळे. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, उक्शीला हत्ती कोरलेला आहे, राजापूरच्या वाटेवर कशेळीला त्याहून कितीतरी मोठा. काही सड्यांवर आज कोकणात नावालाही नसलेला गेंडा आहे. कोरीव रेघा उथळ असतात. भर दुपारी गेलात तर नुसता खडक बघून परत याल. सकाळी किंवा ऊन कलल्यावर रेघेच्या कडेला सावली धरते आणि मग सोंड, पाय, पोट एकेक उमटायला लागतं. काळाबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही. कोकणच्या कातळशिल्पांची नऊ ठिकाणं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, आणि त्यांत मालवण तालुक्यातलं कुडोपीही आहे. म्हणजे मालवणकरांनी अगदीच हात चोळत बसायला नको.

ठरवायचं ते हंगामावर आणि सोबत कोण आहे त्यावर. पावसाळ्यात सिंधुदुर्गच्या होड्या बंद, स्कूबा बंद. मग मालवणात मासे खाऊन झोपणं उरतं आणि त्यातही ताजी मासळी कमीच. रत्नागिरी पावसातही बघता येते, फक्त सड्यांवर पाणी आणि मग गवत असल्याने कातळशिल्पं डिसेंबरनंतरचीच धरा. आई-वडिलांचे गुडघे कुरकुरत असतील तर हलत्या होडीत चढण्यापेक्षा रत्नागिरी बरी. मुलं दहा-बारा वर्षांची असतील तर मालवण, डोळे झाकून. त्यांना थिबाचं दुःख कळणार नाही, तटावरची धावपळ कळेल. रेल्वेने जाणाऱ्यांना रत्नागिरी सोपी, कारण मालवणला रूळच नाहीत. कुडाळला उतरून तीसेक किलोमीटर एसटी किंवा रिक्षा.

जेवणात मात्र रत्नागिरीकरांनी रागावू नये, वडे-सागुती मालवणचीच. रत्नागिरीला मिरकरवाड्याची मासळी आहे आणि शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही.

दोन्ही उरकू म्हणाल तर चार दिवसांत ते नीट होत नाही. तरीही हट्ट असेल तर महामार्ग सोडून किनाऱ्याच्या रस्त्याने जा: पावस, पूर्णगड, कशेळी, जैतापूर, मग विजयदुर्ग. फेब्रुवारी १७५६ मध्ये पेशवे आणि इंग्रज एकत्र येऊन आंग्र्यांवर चालून गेले आणि तुळाजीचं आरमार जळालं, ते याच किल्ल्याखाली. तिथे दोन तास लागतातच, म्हणून रत्नागिरीहून सकाळी सातच्या आत निघा, नाहीतर देवगड-आचऱ्याची वळणं अंधारात घ्यावी लागतील.