चोर बाजारातल्या 'पारशी बंगल्यातल्या' प्लेटा

दिवाणखान्याच्या भिंतीवर जुन्या निळ्या-पांढऱ्या प्लेटा लावायची सध्या हौस आहे. ती ओळखून चोर बाजारातल्या काही जणांनी आपला माल सजवलाय. मटण स्ट्रीटवरच्या अशाच एका दुकानात मी सहा प्लेटांचे नऊ हजार मोजले. दुकानाचं नाव लिहीत नाही. नाव बदलून हीच थाप मला पुढे शेजारच्या गल्लीतही ऐकायला मिळाली.

थाप अशी : "पारसी के बंगले का माल है मॅडम, डेढ सौ साल पुराना." प्लेटेवर झुकलेलं विलोचं झाड, पूल, पुलावरून जाणारी माणसं, वर दोन पक्षी. ही नक्षी इंग्लंडच्या स्टॅफर्डशर भागातल्या कारखान्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीपासून इतकी छापली, की खरी जुनी प्लेट मुंबईत मिळूही शकते. म्हणून तर खोटी खपते. पाठीमागे काळपट थर, झिलईत केसासारख्या रेषा आणि पुसट शिक्का : मेड इन इंग्लंड. एका प्लेटेला अठराशेवरून तो पंधराशेवर आला, वर "सिर्फ आपके लिए" हेही झालं.

घरी कोमट साबणाच्या पाण्यात प्लेटा भिजत घातल्या. थोड्या वेळाने पाणी चक्क चहाच्या रंगाचं! शिक्क्यावरून नेलपॉलिश काढायच्या द्रवाचा बोळा फिरवला तर 'इंग्लंड' कापसावर. अशा छापील प्लेटांचा खरा शिक्का बहुधा झिलईखाली असतो, तो पुसून निघत नाही.

पण गंमत म्हणजे शिक्का पक्का असता तरी हिशेब जुळत नव्हता. आयात मालावर देशाचं नाव हवंच, असा कायदा अमेरिकेने 1890 मध्ये केला, आणि त्यानंतर इंग्लिश भांड्यांवर 'इंग्लंड' सर्रास दिसू लागलं. 'मेड इन इंग्लंड' हे तर मुख्यतः विसाव्या शतकातलं. म्हणजे दीडशे वर्षांची बढाई आणि तो शिक्का एकाच प्लेटेवर नांदणं कठीण.

नक्षीकडेही मोबाईलचा कॅमेरा झूम करून बघा. जुन्या पद्धतीत तांब्याच्या पत्र्यावरून पातळ कागदावर छाप घेऊन तो प्लेटेवर चिकटवत. त्यामुळे किनारीत कुठेतरी कागदाचा सांधा येतो आणि नक्षी तिथे जरा तुटते. माझ्या प्लेटांची किनार अगदी बिनचूक होती आणि झूम केल्यावर रंगाचे बारीक ठिपके दिसले, छापील मासिकात दिसतात तसे. वापराचे चरेही सगळे एकाच दिशेने. सुऱ्या-काट्यांचे ओरखडे आडवेतिडवे पडतात. हे पॉलिश पेपरचं काम.

मला जास्त राग आला तो सहाव्या प्लेटेचा. दुकानात मी प्रत्येक प्लेट टिचकी मारून पाहिली होती, सहाही खणखणीत वाजल्या. मग पोऱ्या "पॅक करके लाता हूँ" म्हणत आत गेला. घरी वर्तमानपत्र सोडलं तर एकीचा आवाज बद्द. नोटा तपासायच्या जांभळ्या टॉर्चखाली तिच्या कडेचा एक पट्टा वेगळाच चमकला. टवका उडालेली जागा लांबी म्हणजे पुट्टी भरून रंगवली होती. तेव्हा माल बांधायचा तो डोळ्यांसमोरच, काउंटरवर.

परत गेले. "पुराने माल की गॅरंटी नहीं होती." बिल मागितलं तर हसला. क्यूआरवर पैसे दिले होते, पण खात्यावर नाव भलत्याचंच, दुकानाशी संबंध सिद्ध करायचा कसा? पैसे देण्याआधी कागदावर 'विसाव्या शतकापूर्वीची, इंग्लंड' एवढं लिहून सही मागा. माल अस्सल असेल तर लिहून द्यायला त्याचं काय जातं? मी नंतर दुसऱ्या दुकानात असं मागितलं, तेव्हा दीडशे वर्षांची प्लेट बघता बघता 'अँटिक टाइप' झाली आणि भाव निम्म्यावर आला.

आणि कोणी अशा प्लेटा घेतल्याच असतील तर त्यांत खाऊ नका. जुन्या झिलईत शिसं असू शकतं, आणि या नव्या-जुन्यांना काय फासलंय ते फासणाऱ्यालाच ठाऊक.